मंगळ राहण्यायोग्य करण्याविषयी

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी जळगावच्या महाविद्यालयात मी एक निबंध लिहिला: मंगळ माणसाला राहण्यायोग्य करता येईल काय? माझे उत्तर होकारार्थी होते. ध्रुवांवरचा बर्फ वितळवावा, वातावरण दाट करावे, शेवाळ पेरावे आणि काही शतके धीर धरावा. सरांनी खाली शेरा मारला, "करता येईल, हे कळले. करावे का, तेही लिहा." मला तो शेरा अनावश्यक वाटला. ओसाड ग्रहाची परवानगी कोणाकडे मागायची?

त्या उन्हाळ्यात पुण्याला संशोधनासाठी माझी निवड झाली आणि पाठोपाठ धुळ्याचे स्थळ आले. वडिलांनी अट स्वच्छ सांगितली: जमले तर धुळे, मोडले तर पुणे.

पाहुणे जळगावातच मेहरूणला आमच्या घरी आले. मुलगा पोहे खात होता. बोलत होते त्याचे काका, तेही अहिराणीत. पोहे संपवून त्यांनी माझी पत्रिका चष्म्याजवळ नेली.

"पोर चांगली शे, भाऊ. बठ्ठं चांगलं शे. पन मंगळ शे ना!"

"शांती करून घेऊ, नाना," वडील म्हणाले. "सकाळच्या एसटीने अमळनेरला मंगळाच्या देवळात गेलं, की दुपारी जेवायला घरी."

माझी शतके एका सकाळीत आटोपली. इंधनाचा खर्चही एसटीच्या तिकिटापुरताच.

काका खुलले. माझ्याकडे वळून धुळ्याविषयी म्हणाले, "तुले धुयाले करमी ना, बेटा? पानी रोज येत नही, पन सवय व्हई जाई."

ही पद्धत माझ्या निबंधातून सुटली होती. ग्रह बदलण्यापेक्षा राहणारी बदलणे कितीतरी सोपे. करावे का, हा प्रश्न इथेही कोणाला पडलेला नव्हता.

पत्रिका हे थोतांड आहे, हे सप्रमाण सिद्ध करण्याची मला खोड. म्हणून आईने आधीच डोळे वटारले होते. तिची भीती अनाठायी ठरली. मी अत्यंत नम्रपणे म्हणाले, "नाना, मंगळ आहे, आणि चांगला कडक आहे. पण मी शांती करणार नाही. तो आहे तसा राहू द्या."

काकांनी पत्रिकेची घडी घातली. "हाई पोर ते मंगळलेबी भेत नही," ते मुलाला म्हणाले, आणि चपला शोधू लागले.

वडील दोन दिवस माझ्यावर रागावून होते. पण शब्दाचे पक्के होते. पुण्याला निघण्यापूर्वी मी सरांना राहिलेले पान नेऊन दिले: तिथे कोणी आहे का, हे पाहिल्याशिवाय कोणत्याही ग्रहाला हात लावू नये.

"मत फार लवकर बदललं," सर म्हणाले.

"पुरावा मिळाला, सर."