सुरकुतीजवळचं शिखर

करिष्मा बाळंतपणाला वडवणीजवळच्या आपल्या गावी आली, तेव्हा दुपट्यांच्या पिशवीत तळाशी लॅपटॉप होता. पुण्यातल्या प्रयोगशाळेत तिच्या पीएचडीचं चौथं वर्ष चालू होतं. टंगस्टन डायसल्फाइड नावाच्या अर्धवाहकाचा, अवघ्या तीन अणूंच्या जाडीचा पापुद्रा ती तपासत होती. तो नेमका कुठे कोणता रंग शोषतो, हे इतक्या बारीक जागी प्रकाशाने कळत नाही. म्हणून इलेक्ट्रॉनांचा झोत आरपार सोडायचा आणि वाटेत त्यांनी किती ऊर्जा गमावली ते मोजायचं. दर ठिपक्याला एक आलेख, असे चार हजार आलेख ती घेऊन आली होती.

त्यातले निम्मे टाकून दे, असं तिच्या मार्गदर्शक सत्यशीला मॅडम म्हणाल्या होत्या. तिथे पापुद्र्याला सुरकुत्या पडल्या होत्या.

दरवर्षी दिवाळी झाली की करिष्माचे आईवडील ऊसतोडीला जात आणि शाळेत असताना ती गावातल्या, ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहात राही. यंदा वडील एकटेच गेले. तिची आई भिवराबाई लेकीसाठी मागे राहिल्या.

मुलगी झाली. महिन्याभराने करिष्माने लॅपटॉप उघडला. पुसण्याआधी एकदा बघावं, म्हणून तिने सुरकुत्यांचा भाग नकाशावर मांडला. आलेखातलं मुख्य शिखर सुरकुतीकडे जाताना हळूहळू कमी ऊर्जेकडे सरकत होतं. ताणलेला पापुद्रा कमी ऊर्जा शोषतो; म्हणजे तिथे तो ताणला गेला असणार! तिने लगेच मॅडमना फोन लावला.

"यंत्राचं शून्यही सरकतं, करिष्मा," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येक ठिपक्याचं शून्य तपासलंस?"

तपासलं नव्हतं. तिने फोन ठेवला आणि लॅपटॉप मिटला.

"कावून तोंड उतरलं गं?" भिवराबाईंनी विचारलं.

"चुकलं, आई. मोजायची पट्टीच हलत होती."

"मंग पट्टी नीट लाव अन् पुन्ना मोज. लेकराकडं मी हाय की."

बारा दिवस ती एकेका आलेखाचं शून्य जुळवत राहिली. सरकणं निम्म्याहून कमी झालं. पण ते पूर्ण गेलं नाही. दुसऱ्या सुरकुतीजवळही तेच, आणि सपाट जागी शिखर पुन्हा जागेवर. तिने सगळं मॅडमना पाठवलं. तिथे साचलेल्या मळाचा तर हा परिणाम नाही ना, एवढी एक शंका उरली होती, तीही तिने लिहिली.

मॅडमनी स्वतः एका नव्या, स्वच्छ पापुद्र्याची सुरकुती मोजली. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"तेच दिसतंय. टाकून दे म्हणाले, ते माझं चुकलं. हा लेख तू लिहायचा. पण आणखी मोजमापं लागतील. कधी येतेस?"

करिष्माने आईकडे पाहिलं. बाळाला सांभाळणार कोण?

"मी येते पुण्याला," भिवराबाई म्हणाल्या. "ऊस तोडायला परमुलखात जाते, तर लेकीसंगं कावून न्हाई जानार? पन ते यंतर मला दावायचं."

फेब्रुवारीत त्या काचेपलीकडून ते माणसाहून उंच यंत्र बघत होत्या. मांडीवर नात होती.

"लई मोठं हाय की," त्या म्हणाल्या. "इथं बोललं तर चालतंय का?"

"काचेबाहेर चालतं," मॅडम हसून म्हणाल्या. "आत मात्र आवाजानंही झोत हलतो."

आत करिष्माने नवा पापुद्रा बसवला आणि यावेळी सर्वांत आधी शून्य नोंदवलं.