दम भर, माय

देविदासभाऊ परवा गेले.
आणि आज दुपारपर्यंत त्यांनी अकरा पेशंटना दम धरायला लावला.

शुद्धीवर आहे मी. सांगते.

मी खामगावला एका स्कॅन सेंटरमध्ये टेक्निशियन आहे. देविदासभाऊ तिथले सगळ्यात जुने. मूळचे डोणगावचे. एक्स-रेच्या फिल्म अंधाऱ्या खोलीत धुवायचे, तेव्हापासूनचे. मला काम त्यांनीच शिकवलं.

आमच्याकडे फोटो मशीन काढतं. पेशंटने एवढंच करायचं, श्वास भरायचा, थोडा वेळ धरायचा आणि सोडायचा. धरला नाही तर फोटो हलतो.
हे पेशंटला कुणीतरी सांगावं लागतं.
बावीस वर्षं ते भाऊंनी सांगितलं.

मग नवीन सीटी मशीन आलं. ते स्वतःच बोलायचं. कुण्या बाईचा गोड आवाज. "कृपया श्वास आत घ्या. श्वास रोखून धरा."
डॉक्टरसाहेब म्हणाले, देविदास, तुम्ही आता रिपोर्टच्या काउंटरवर बसा.

जेवणाच्या सुट्टीत भाऊ डबा उघडून तसेच बसले.
"पोरी, मले बोलाचंच काम येते वं. आता काय रिपोर्टच्या थैल्या वाटत बसू?"

पहिल्याच आठवड्यात मशीनचा फज्जा उडाला.
खेड्यावरच्या आज्या त्या बाईशी बोलायच्या. "काय म्हणून राह्यली वं बाई तू?" बोलल्या की हलायच्या. हलल्या की स्कॅन पुन्हा.

एका आजोबांच्या छातीत डाग दिसत होता. दोनदा स्कॅन केला, दोन्हीदा हलला. डॉक्टरसाहेब म्हणाले, यावरून काही सांगता येत नाही, नागपूरला न्या. आजोबांच्या मुलाचं तोंड उतरलं.

भाऊ काउंटरवरून उठले, कुणाला न विचारता आत आले आणि माइकचं बटण दाबलं.
"बुढेबाबा, लहानपणी विहिरीत बुडी मारली का नाही?"
"मारली ना बाप्पा."
"मंग तसाच दम भरा. आन् धरा. मी म्हणेपर्यंत वर याचं नाही."

आजोबा दगडासारखे पडून राहिले.
फोटो स्वच्छ आला. डाग जुना, कधीचाच भरून आलेला. बापलेक दुपारच्या एसटीने घरी गेले.

डॉक्टरसाहेबांनी तिथूनच पुण्याच्या इंजिनिअरला फोन लावला. मशीनमध्ये आमचा आवाज भरता येतो का?
"येतो सर. पण प्रमाण भाषेतच करा. हे जरा गावठी वाटेल."
"पेशंट गावचेच आहेत," डॉक्टरसाहेब म्हणाले.

त्यानंतर भाऊंच्या अंगात संचारलं. येणाऱ्या प्रत्येक पेशंटची भाषा मशीनमध्ये भरायची म्हणून पंधरा दिवस खामगाव पालथं घातलं.
'श्वास रोखा'ला तुमच्यात काय म्हणतात, असं ते कधीच विचारायचे नाहीत. असं विचारलं की माणूस पुस्तकातलं सांगतो, म्हणायचे.
ते विचारायचे, "पोराले पाण्यात बुडी माराले शिकवता तवा काय सांगता?"

सराफ्यातला बंगाली कारागीर म्हणाला, दम आटके राखो.
भाऊ मला सांगायला धावत आले. "पोरी, तेबी आपल्यासारखे दमवालेच हायेत."
बोअरच्या गाडीवरच्या तेलुगू ड्रायव्हरने सांगितलं, ऊपिरि बिगपट्टु. हे तोंडात बसेना म्हणून भाऊ दोन दिवस घोकत फिरले.
बाजारातल्या चाची म्हणाल्या, साँस रोक ले बेटा. त्यातलं 'बेटा' भाऊंनी काढू दिलं नाही.

सगळ्यांचे आवाज भरले. शेवटी मराठीची पाळी आली.
एसी बंद, पंखा बंद, आम्ही दोघं घामाघूम. भाऊ माइकसमोर ताठ बसले आणि म्हणाले,
"कृपया श्वास आत घ्या."

मला हसू आलं, पण मी ते आवरलं.
कारण मी बीबीची, इकडच्याच खेड्यातली. पुण्यात नोकरीला होते तेव्हा मीही हेच केलं होतं. 'मले'चं 'मला' केलं, 'काऊन' गिळून टाकलं. कोणी हसू नये म्हणून दोन वर्षं कमीच बोलले.

"भाऊ, इथं कोणी पुण्याचं नाही," मी म्हटलं. "तुमची माय चुलीपाशी बसली हाये. तिच्याशी बोला."

भाऊंनी फुंकणी हातात धरल्यासारखी मूठ केली.
"चूल फुकतानी भरते तसा दम भर, माय... धर... धरून ठेव... सोड आता."

एका टेकमध्ये ओके.

इंजिनिअरने नंतर ते ऐकलं. दुसऱ्या एका सेंटरसाठी तो ते कॉपी करून घेऊन गेला. गावठी म्हणाला नाही.

पुढे भाऊंच्याच फुप्फुसाचं दुखणं निघालं. त्याच टेबलावर ते झोपले आणि त्यांच्याच आवाजाने त्यांना सांगितलं, दम भर, माय.
त्यांनी भरला. धरला. फोटो एकदम क्लिअर.
बाहेर येऊन म्हणाले, "लेकाचा सांगते चांगलं."
आम्ही दोघंही हसलो. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

आज सकाळी मशीन सुरू करताना आवाज बदलू का, असा विचार आला.
तेवढ्यात पहिली पेशंट आली. डोणगावकडचीच आजी, भीतीने थरथरत होती. मी बटण दाबलं.

"चूल फुकतानी भरते तसा दम भर, माय..."

थरथर थांबली. तिने दम भरला आणि धरला. पापणीसुद्धा हलली नाही.
"...सोड आता."
"सोडला रे बाप्पा," आजी मशीनला म्हणाली.

खाली उतरताना मला विचारलं, "कोण हाये वं तो आतमधी? लय मायेनं बोलते."

पुण्यात गिळलेलं सगळं माझ्या तोंडात परत आलं.
"आमचे देविदासभाऊ हायेत, माय. डोणगावचे. इथलं बोलाचं काम त्यायच्याकडंच हाये."

भाऊ, मनापासून निरोप.
तुमचं काउंटर रिकामंच हाये. तुमी आतच बसा.