ब्रॅडलिंगचं झाकलेलं कुंड

आमचे दाजी हेडली पास्क यांनी जन्मभर इंग्लंडातल्या सफकच्या आडरस्त्यांवर बस हाकली. नोकरी संपली, पण गावोगाव थांबायची खोड काही गेली नाही. आता चर्च दिसलं की थांबतात. आत शिरायचं, बाकड्यावर उताणं पडायचं आणि छतातले लाकडी देवदूत दुर्बिणीतून बघायचे. एका गावात मयतीला आलेल्या माणसांनी त्यांनाच मयत समजून टोप्या काढल्या होत्या.

बाप्तिस्म्याची जुनी दगडी कुंडं म्हणजे तर त्यांचा जीव की प्राण. आसपासची सगळी बघून झाली, राहिलं ते ब्रॅडलिंगचं. तिथली चावी डल्सी थर्केटलबाईंकडं. त्यांनी चर्चमध्ये मांडलेल्या फुलांना दाजी एकदा 'खराटा' म्हणून बसले. तेव्हापासून दाजी दारात उभे राहिले की चावी हरवलेली असायची.

म्हणून आम्ही सुगीच्या सणाला गेलो. त्या दिवशी चर्च शेतमालानं सजवतात आणि ते सगळ्यांना उघडं. दाजी तरातरा आत गेले आणि कुंडापुढं थिजलेच. बाईंनी ते भोपळे, कांद्याच्या माळा आणि गव्हाच्या पेंढ्यांनी पार गळ्यापर्यंत झाकलं होतं.

"अर्नी, एकच भोपळा सरकवतो," दाजी माझ्या कानाशी कुजबुजले.

"दाजी, हात लावू नका! थर्केटलबाईंनी मांडलेलं पान हलवायची पाद्रीबाबाचीसुद्धा छाती होत नाही."

"तू गप रे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं की माझं वाकणं संपलं. मग काय स्वप्नात बघू?"

खाली बसून त्यांनी नेमका बुडातला भोपळा ओढला. धडाडधूम! भोपळे चर्चभर घरंगळले. दारात कात्री घेऊन थर्केटलबाई.

"अहो ड्रायव्हर, सगळी गाडी इथंच रिकामी केली का?"

दाजींचं लक्षच नव्हतं. कुंडाच्या अंगावर माणसं कोरलेली होती. कुणाचं लग्न लागतंय, कुणी शेवटच्या घटका मोजतंय. पण चेहरा एकालाही नाही. मागं कधीतरी देवळात मूर्ती नको म्हणणाऱ्या कर्मठांनी हातोड्यानं सपाट केलेले.

"म्हणून झाकता होय?"

"मग काय करू? माझा थोरला बाप्तिस्म्याच्या वेळी ह्या बिनचेहऱ्यांना बघून असा किंचाळला, की पाद्रीबाबाच्या हातातलं पाणी सांडलं. नवरीला बिनतोंडाचा नवरा कशाला दाखवायचा?"

"पण बाई, हात बघा की. हात फोडायचे राहिलेत."

बाई कुरकुरत वाकल्या. नवरानवरीचे हात एकमेकांत घट्ट होते. आजाऱ्याचं मनगट एका म्हातारीनं धरलं होतं. तिच्या बोटावरची सुरकुतीसुद्धा कारागिरानं सोडली नव्हती. बाईंनी पदराआडून बघावं तसं चोरून बघितलं, मग चष्मा लावून बघितलं.

"इतकी वर्षं मी इथं कांदे टांगले," त्या पुटपुटल्या. मग एकदम कडाडल्या, "बसलाय काय? भोपळे गोळा करा! माळ अशी बांधा, की तोंडं झाकली जातील आणि हात दिसतील."

दाजी रांगत कामाला लागले.

"डावीकडचा वाकडा बसलाय."

"बाई, तो भोपळाच वाकडा आहे."

"मग त्याला भिंतीकडं तोंड करून बसवा. आणि पुन्हा खराटा म्हणालात ना, तर बघा!"