न गळणारी बरणी

गल्लीत त्याला सगळे फिटर म्हणत. बायकोसुद्धा चारचौघांत "आमचे फिटर" म्हणायची, आणि म्हणताना हसू दाबायची. चाळीस वर्षं त्याने पाइप जोडले. भिंतीत गाडलेले, जमिनीत पुरलेले, छताच्या पोटातून नेलेले. त्याच्या हातचा जोड गळला असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा होता, आणि कुणी विचारो न विचारो, हे तो स्वतःच सांगायचा.

बायको मातीची भांडी करायची. वाडगे, पेले, झाकणाचे डबे. भांडी काय, कुणीही करतं. पण त्यांच्यावरची झिलई तिची तिचीच. राख, काचेचा चुरा, कुठकुठले दगड खलात घालून ती तासन्‌तास बत्त्याने वाटायची. मनगट सुजायचं. "तुला वाटायचं यंत्र करून देतो," फिटर म्हणायचा. "जाड पाइपची बरणी, आत माल वाटायला कडक गोळ्या, खाली फिरते रूळ. दोन दिवसांचं तर काम." बावीस वर्षांत ते दोन दिवस उगवले नाहीत. लोकांच्या घरचं पाणी थांबत नाही, घरचं माणूस थांबतं. मग एका हिवाळ्यात ती गेली, आणि थांबणारंही कुणी उरलं नाही.

तिच्या हातचं एकही भांडं घरात राहिलं नव्हतं. चांगली होती ती विकली गेली, चिरलेली तिने स्वतः फोडून टाकली. त्यामुळे दोन वर्षांनी बापलेकीत तिच्या झिलईच्या रंगावरून वाद पेटला.

"हिरवा होता, बाबा. शेवाळलेल्या पाण्यासारखा."

"निळा होता. मी काय आंधळा आहे?"

"आंधळे नाही हो. पण तुम्ही भांड्याकडे कधी बघितलंत? तुमची नजर कायम नळाच्या तोटीवर!"

फिटरने डोळे मिटून पाहिलं. खरं टोचतं ते असं. रात्रंदिवस ज्या रंगाशेजारी जेवलो-झोपलो, तो डोळे मिटल्यावर दिसेना. कधी हिरवा व्हायचा, कधी निळा, आणि धरायला जावं तर निसटायचा.

लेक आईच्याच चाकावर बसू लागली होती. कपाटाच्या तळाशी तिला एक पिशवी सापडली. आईने एकत्र करून ठेवलेला झिलईचा कोरडा, भरड माल, किलोभर असेल. त्यात काय किती घातलंय हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आई सगळं मुठीने मोजायची, आणि ती मूठ आता नव्हती. तो रंग पुन्हा बघायचा तर एवढ्या एका पिशवीतूनच.

"मी खलात वाटते," लेक म्हणाली.

"खबरदार! तिचं मनगट गेलं तेवढं पुरे. यंत्र मी करतो."

आणि इतक्या वर्षांत न उगवलेले दोन दिवस उगवले. सहा इंची जाड प्लास्टिकच्या पाइपचा हातभर तुकडा त्याने कापला, कडा कानशीने गुळगुळीत केल्या. तळाला सोल्युशन लावून टोपण कायमचं चिकटवलं. वरच्या तोंडाला आट्यांचं झाकण, फिरवून उघडायचं, आणि त्याखाली ट्यूबच्या रबराचा गोल वायसर. जुन्या वॉशिंग मशीनची मोटर काढली, दोन रुळांना रबर चढवलं. लेकीने चिनीमातीच्या लिंबाएवढ्या गोळ्या वळून भाजून दिल्या. आधी नुसतं पाणी भरून बरणी रुळांवर फिरवली. पाव तासाने झाकणाच्या कडेला एक थेंब जमला.

"गळतंय," लेक म्हणाली.

"गळत नाही. घाम आहे तो."

"प्लास्टिकला घाम येतो होय?"

फिटरचं तोंड उतरलं. त्याने वायसर बदलला, आटे पुसून कोरडे केले. मग अर्ध्या बरणीत गोळ्या, त्यावर पिशवीतला सगळा माल, वर बेताचं पाणी. मालाचा वास आला तसा तो क्षणभर थांबला. तिच्या पदराला हाच वास असायचा, राखेचा आणि ओल्या दगडाचा. मन तिकडे गेलं, आणि हात आपल्या जुन्या वाटेने गेले. डब्यातला ब्रश उचलला, आट्यांवरून दोनदा फिरवला, झाकण बसवलं, पाव फेरा आवळलं, तीस मोजेपर्यंत दाबून धरलं.

या खेपेला थेंबही आला नाही. दिवसभर बरणी फिरत राहिली. ओढ्याच्या तळाशी गोटे लोळावेत तसा आवाज. फिटर शेजारी स्टूल टाकून बसला होता. हा आवाज तिने ऐकायला हवा होता, एवढंच त्याच्या मनात पुन्हापुन्हा येत होतं.

संध्याकाळी मोटर बंद केली. झाकण हलेना. लेकीने जोर लावला, त्याने लावला, मोठा पाना लावला.

"बाबा, आट्यांना सोल्युशन लावलंत?"

"लावलं."

"अहो, का?"

"गळू नये म्हणून."

लेकीने पाना बाजूला ठेवला. हसावं की रडावं तिला कळेना. "चाळीस वर्षांत तुमचा एक जोड निघाला नाही, तो आज निघणार आहे?"

उपाय एकच होता. बरणी उभी ठेवून त्याने झाकणाखाली करवत धरली. लोकांचे शेकडो पाइप बेदरकार कापलेला हा माणूस, इथे केसाकेसाने करवत ओढत होता. बरणी कलली असती, माल सांडला असता, तर तो रंग मोरीतून वाहून जाणार होता. घाम डोळ्यांत उतरला. अखेर झाकण कड्यासकट निघालं. आत साईसारखी दाट, राखाडी झिलई होती. वर पडलेला प्लास्टिकचा भुसा लेकीने चाळणीने गाळून काढला. "राहिलाच कण, तर भट्टीत जळून जाईल," ती म्हणाली. "बसा आता."

आठ वाडग्यांना पुरली झिलई. भट्टी निवेपर्यंत फिटर तिच्याभोवती घिरट्या घालत होता. दार उघडल्यावर लेकीने पहिला वाडगा त्याच्या ओंजळीत ठेवला. खोलात हिरवा, काठाशी निळा. दोघांचंही खरं होतं.

तरी तो खिडकीशी जाऊन वाडगा फिरवत राहिला.

"ठिपके कुठे गेले गं?"

"कसले?"

"काळे, बारीक. चिमणीच्या अंड्यावर असतात तसे." कधी बघितलं होतं, त्यालाच माहीत नव्हतं, पण आता स्पष्ट दिसत होतं.

लेकीने वाडगा घेतला, बराच वेळ पाहिला. "हो. असायचे. भरड राहिलेल्या दगडाचे. यंत्रात सगळ्याचंच पीठ झालं, बाबा."

"मग ती का पीठ करत नव्हती?"

"हात दुखला की थांबायची."

"किती वेळाने दुखायचा?"

लेकीला माहीत नव्हतं. ते कुणी कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आली तेव्हा फिटर खल घेऊन बसला होता. लेकीच्या रोजच्या साध्या झिलईचा माल आत, बत्ता हातात, भिंतीवरच्या घड्याळावर नजर.

"अहो, यंत्र आहे ना आता?"

"वेळ बघतोय," तो म्हणाला.

तास झाला, दीड तास झाला. चाळीस वर्षं पाने आवळलेला हात तो, दुखायचं नाव घेईना. फिटर वाट पाहत वाटत राहिला, आणि खलातला माल हळूहळू मऊ पीठ होत गेला.