जन्मापाशी न थांबलेली व्याख्या

प्रा. डॉ. विमलताई कळंबे यांची आणि माझी पहिली भेट मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या महाविद्यालयात, बी.एस्सी.च्या पहिल्या प्रात्यक्षिकाच्या तासाला झाली. माझ्या दृष्टीने ती मुळीच शुभ नव्हती. "मेंदू म्हणजे काय?" असे मॅडमनी विचारले आणि मी गाईडमधला हिंदी परिच्छेद एका दमात म्हणून दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "मेंदू काय करते ते सांगितलं तू. मेंदू बनला कशापासून, हाय कुठं, आन् पुरता बनते कवा, हे सांग." सगळ्या वर्गासमोर माझी पार शोभा झाली. घरी येऊन वडिलांना सांगितले. ते नगरपालिकेत नोकरीला होते आणि माणसांची पारख त्यांना चांगली होती. ते म्हणाले, "मास्तरीण पक्की हाय. तिले सोडू नको." मी सोडले नाही, आणि खरे सांगायचे तर मॅडमनीही मला सोडले नाही.

मॅडमच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला त्यांच्या शास्त्रीय कार्यावर लिहायला सांगितले आहे. ते कार्य थोडक्यात असे. निवृत्तीनंतर बहुतेक जण घर रंगवून घेतात. मॅडमनी जगभरातल्या जीवशास्त्रज्ञांच्या एका सामायिक शब्दसंग्रहाचे काम अंगावर घेतले. एक जण उंदरांवर संशोधन करतो, दुसरा माशांवर. दोघांनी 'मेंदूचा विकास' म्हटले, तर दोघांच्या मनात एकच गोष्ट असायला हवी. नाही तर दोघांचे काम शेजारी मांडून काही शोधताच येत नाही. म्हणून प्रत्येक शब्दाला नेमकी व्याख्या लागते: ही घडामोड कशाची, कोणत्या मोठ्या घडामोडीचा भाग, कुठे सुरू होते, कुठे संपते. मेंदूच्या विकासाशी संबंधित शब्दांचा एक गट मॅडमकडे आला आणि त्यांनी मला मदतीला घेतले. तोवर माझी पीएच.डी. झाली होती आणि मी पांढुर्ण्याला शिकवू लागले होते.

मॅडमची कामाची एक रीत होती. लिहिलेली प्रत्येक व्याख्या त्या आपल्या भाषेत करून शेजारच्या बाबारावभाऊंना वाचून दाखवत. बाबारावभाऊंची संत्र्याची बाग; मेंदूशी त्यांचा संबंध आपल्या सगळ्यांइतकाच. एकदा मी एक लांबलचक, मला फार आवडलेली व्याख्या त्यांच्यापुढे वाचली. ते म्हणाले, "समदं बरोबर हाय बाई, पन हे संपते कवा? कलम लावलं म्हंजे सुरू झालं. पयला बहार आला म्हंजे संपलं का? झाड तं वाढूनच राहिलं ना?" मॅडमनी माझ्याकडे पाहिले. मी निमूटपणे कागद परत घेतला. विद्यापीठातल्या परीक्षकांना मी कधी इतकी घाबरले नाही.

आता मी केलेल्या चुकीकडे येते. लहान मेंदूच्या, म्हणजे तोल आणि हालचाल सांभाळणाऱ्या भागाच्या, विकासाची व्याख्या मी लिहिली होती. गर्भविज्ञानाचे पुस्तक समोर होते. ते पुस्तक जन्मापाशी संपत होते, म्हणून मीही लिहून टाकले: 'सुरुवातीच्या घडणीपासून जन्मापर्यंत'. त्या वेळी मला दिवस गेले होते, उलट्यांनी जीव हैराण होता, आणि बाबारावभाऊंकडे जायचा मी कंटाळा केला. मॅडमनीही माझ्यावर भरवसा ठेवून ती पुढे पाठवली. काही आठवड्यांनी परदेशातल्या एका संशोधकांचे पत्र आले. त्यांचे काम नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या लहान मेंदूवर होते, आणि आमच्या व्याख्येप्रमाणे त्यांच्या उंदरांचा विकास केव्हाच आटोपला होता! मॅडमनी त्याच दिवशी शब्दसंग्रहाच्या साऱ्या मंडळाला उत्तर लिहिले: "चूक माझी, तपासणीची जबाबदारी माझी होती." माझे नावही घेतले नाही. दुरुस्ती मात्र त्यांनी स्वतः केली नाही. "ज्यानं लिवलं त्यानंच खोडायचं," हा त्यांचा नियम.

ती दुरुस्ती करायच्या आधीच माझी मुलगी जन्मली. सातव्या महिन्यात. नागपूरच्या रुग्णालयात तिला काचेच्या पेटीत ठेवले होते. तिच्या डोक्याची तपासणी झाली आणि डॉक्टर म्हणाले, आत्ताच काही सांगता येणार नाही, वाढ होईल तसे पाहत जावे लागेल. पोर चालेल का, बोलेल का, एवढेच मला कळून घ्यायचे होते, आणि तेवढेच कोणी सांगत नव्हते. मी जीवशास्त्र शिकवणारी बाई, पण डोक्यात एकच वाक्य घुमत होते: जे व्हायचे ते जन्माआधी, आणि माझ्या पोरीला तेवढा वेळच मिळाला नाही. वाक्य माझेच होते, हे मला तेव्हा सुचलेसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मॅडम सौंसरहून एसटीने आल्या. माझी आई त्यांना पाहून रडायला लागली. मॅडमनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, माझ्याजवळ बसल्या, आणि पिशवीतून त्या व्याख्येचा छापील कागद काढून माझ्या हातात दिला. सोबत पेन.

"हे गलत हाय. दुरुस्त कर."

मला इतका राग आला की सांगता सोय नाही. "मॅडम, माझी पोर तिकडे पेटीत आहे, आणि तुम्हाला व्याख्या सुचते?"

"तुही पोर तिकडं काय करून राहिली, तेच तं त्याच्यात लिवलं हाय. वाच."

मी वाचले. 'जन्मापर्यंत'. दोनदा वाचले. मग तो शब्द खोडला आणि त्याच्यावर लिहिले: 'परिपक्व रचना तयार होईपर्यंत'. लिहिता लिहिता माझा हुंदका फुटला. चार दिवसांनी पहिल्यांदा श्वास पुरा आत गेल्यासारखे वाटले. पोर बरी होईल, असे त्या कागदावर कुठेच नव्हते, आणि मॅडमनीही तसे म्हटले नाही. उलट बजावले, "हे वचन नव्हे, पोरी. काम बंद झालं नाही, इतकंच हाय हे." मला तेवढे पुरले. नंतर मी पेटीजवळ जाऊन उभी राहिले आणि पहिल्यांदा पोरीकडे न घाबरता पाहिले.

मुलीचे नाव आम्ही प्रज्ञा ठेवले. बसायला उशीर, चालायला त्याहून उशीर. दर तीन महिन्यांनी नागपूर, आणि घरी परतले की मॅडमचा फोन ठरलेला. "काय म्हणाले?" मी सांगायची. "बरं," म्हणून त्या फोन ठेवायच्या. आवाजात कधी काळजी नाही. मला वाटे, या बाईंचे काळीज भारी घट्ट!

प्रज्ञा पाच वर्षांची होत आली तेव्हा डॉक्टरांनी तिला खोलीभर धावायला लावले, एका पायावर उभे केले, आणि कागदावर लिहिले: यापुढे तपासणीची गरज नाही. मी रुग्णालयाच्या पायरीवरूनच मॅडमना फोन लावला. डॉक्टरांनी लिहिलेले वाक्य वाचून दाखवले. त्या बोलल्या, तो आवाज त्यांचा वाटेना.

"पोरी, इतके वर्सं मी धड झोपली नाही वं. मले रोज वाटे, त्या दिवशी तुह्या हाती कागद देऊन मी तुले फुकटची आस तं नाही लावली? तुहं लेकरू चाललं नसतं, तं मी तुले तोंड कसं दाखवलं असतं?"

भर रस्त्यात मी पोरीला कडेवर घेऊन रडत होते, आणि पलीकडे मॅडम रडत होत्या. त्यानंतर दोघींनी तो विषय कधी काढला नाही. आज इथे काढते आहे. मॅडम रागावतील, तर रागावू देत.

मॅडम, पंचाहत्तरी पुरी झाली. आपल्याला निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, रात्री गाढ झोप लागो, आणि रोज सकाळी उठून आमच्या चुका काढण्याचा आपला उत्साह असाच राहो. प्रज्ञाला नुकतेच विचारले की मोठे होणे म्हणजे काय. तिने उत्तर एका दमात दिले, आणि ते साफ चुकीचे आहे. येत्या रविवारी तिला आपल्याकडे पाठवते.