साल्झबर्गला दोन तास

देवळीच्या रुचिका इखारने त्या वर्षी बारावीचे सगळे पेपर दिले, एकही चुकवला नाही, आणि कुणी विचारलं की "गेला" एवढंच सांगितलं. कसा गेला ते तिला सांगताच आलं नसतं. सप्टेंबरात आई गेली, तेव्हापासून तिच्या आतलं काहीतरी दाढ काढण्याआधी सुई टोचल्यावर हिरडी होते तसं होऊन बसलं होतं. बोट लावलं तर बोट कळायचं, हिरडी कळायची नाही.

आईचं नाव सुलोचना. वय बेचाळीस. सकाळी साडेदहाला घरातच मेंदूतली नस फुटली आणि गाडी दारात येईस्तोवर सगळं संपलं होतं. धाकटा रजत शाळेत होता, वडील सचिनभाऊ बाजाररस्त्यावरच्या आपल्या दुकानात, फवारणी पंप आणि ताडपत्र्यांच्या गराड्यात. घरी एकटी रुचिका होती. तेरवीपर्यंत तिने आल्यागेल्याला पाणी दिलं, चहा केला, वडिलांच्या गोळ्यांच्या वेळा पाळल्या. "मोठी धीराची पोरगी आहे बाई," असं बायका म्हणत. रुचिकाला वाटे, धीर म्हणजे हेच असेल तर तो फार सोपा आहे. काही करावंच लागत नाही.

डिसेंबरात म्युनिकहून छायामावशीचा फोन आला. आईची ही धाकटी बहीण नवऱ्याच्या नोकरीमुळे दहा वर्षांपासून तिकडे होती. बहिणीच्या मातीला तिला पोचता आलं नव्हतं, आणि ते तिच्या प्रत्येक वाक्यात मागून डोकवायचं.

"भाऊजी, मे महिन्यात दोघा लेकरांना माझ्याकडे पाठवा. पंधरा दिवस राहतील. त्यातले चार-पाच दिवस दोघंच रेल्वेनं फिरतील, आजूबाजूचे देश पाहतील. इथं मुलं फिरतात तशी. तिकिटं मी पाहते."

सचिनभाऊ म्हणाले, "पाठवतो." मग फोन ठेवून म्हणाले, "तुम्हीच ठरवा बापा काय ते. मले त्यातलं काही समजत नाई."

रोहण्याहून आजी देवकाबाई स्वयंपाकाला येऊन राहिली होती. तिने भाकर उलटता उलटता विचारलं, "तिकडं पाहाले काय हाय?"

"रेल्वे," रजत म्हणाला.

"ते तं वर्ध्यालेबी हाय."

रजत पंधरा वर्षांचा होता. आई गेल्यावर तो क्रिकेट खेळायला जाईनासा झाला होता आणि जेवताना ताटाकडे न पाहता जेवायचा. त्याला हे प्रकरण मिळालं आणि त्याने ते दोन्ही हातांनी धरलं. आठ दिवसांत त्याला तिकडच्या गाड्यांची नावं पाठ झाली. कोणत्या स्टेशनावर किती फलाट, एका फलाटावरून दुसऱ्यावर जायला किती मिनिटं, रविवारी काय बंद असतं, सगळं. देवळीत स्वतःचं स्टेशन आलं त्याला अजून फार दिवस झाले नव्हते आणि तिथं गाड्याही मोजक्याच थांबायच्या. पण हा पोरगा बाजेवर पडल्या पडल्या मोबाइलवर पाहून सांगायचा, "म्युनिकवरून सुटलेली गाडी आज बारा मिनिटं लेट चालून राह्यली."

"आपण त्या गाडीत आहोत का?" रुचिका विचारायची.

"मे महिन्यात राहू ना."

रोज संध्याकाळी तो वही घेऊन ताईसमोर बसायचा. पाच दिवस, नऊ शहरं. म्युनिक, साल्झबर्ग, व्हिएन्ना, प्राग ही मोठी, आणि मधे मधे पेरलेली लहान. कुठे गाडी बदलायला नऊ मिनिटं, कुठे अकरा. जेवण गाडीतच. झोपही शक्यतो गाडीतच. "ताई, इथं खिडकीकडून डोंगर दिसते. डावीकडची सीट घेऊ?"

"घे."

"की उजवीकडची?"

"ती घे मग."

तो चिडायचा नाही. दोन्हीकडे टिंब करून ठेवायचा. त्या घरात त्या दिवसांत जे काही बोलणं झालं ते असं गाड्यांविषयीच झालं. रुचिका हो म्हणायची, कारण नाही म्हणायला काहीतरी पाहिजे असावं लागतं आणि तिला काहीच नको होतं, हवंही नव्हतं. एकदा तिने गाडीचे आवाज, बर्फाचे डोंगर, काचेतून येणारं ऊन असं सगळं डोळे मिटून मनासमोर आणून पाहिलं. आलं सगळं. दुसऱ्याच्या लग्नाचा अल्बम चाळावा तसं आलं आणि गेलं.

पहिली अडचण वसतिगृहांची निघाली. बहुतेक ठिकाणी अठराच्या आतल्यांना एकटं ठेवून घेत नव्हते. मावशीने व्हिएन्नात आपली मैत्रीण रक्षा हिचं घर ठरवून दिलं आणि प्रागला आपल्या नवऱ्याच्या कचेरीतल्या एका कुटुंबाचं. दुसरी अडचण व्हिसाच्या यादीत होती. मुलं अठराच्या आतली असतील तर आई आणि वडील दोघांचं संमतीपत्र. दोघांपैकी कुणी हयात नसेल तर मृत्यूचा दाखला.

रजतने ती ओळ वाचली आणि वही बंद केली. "हे बाबा आणतीन," तो म्हणाला.

बाबा आणतो म्हणाले. फेब्रुवारी गेला. पेपर सुरू झाले, संपले. मार्चात रुचिकाने दोनदा आठवण दिली. दोन्ही वेळा सचिनभाऊंनी "उद्या जातो" म्हणून ताडपत्रीची घडी करायला घेतली. तिसऱ्यांदा तिने विचारलंच नाही. आईचं आधार कार्ड पिशवीत टाकलं, डोक्याला स्टोल बांधला आणि भर दुपारी स्वतःच नगरपरिषदेच्या कचेरीत गेली.

जन्म-मृत्यूच्या टेबलावर बबनराव नावाचे वयस्कर बाबू होते. त्यांनी नाव ऐकलं, तारीख ऐकली, आणि रजिस्टर न उघडता खणातून एक फाईल काढली.

"सचिनची पोरगी ना तू?"

"हो काका."

"बस." त्यांनी पंखा तिच्याकडे वळवला. "तुह्या बाबानं फॉर्म भरलता. मी तवाच म्हटलं, सचिन, हे दुरुस्त करून दे, मंग नोंद करतो. तो म्हणे उद्या येतो. आता सातवा महिना चालू हाय. मले बी त्याले पुन्हा बोलावणं जीवावर आलं, खोटं कशाले बोलू?"

त्यांनी फॉर्म तिच्यासमोर ठेवला. वडिलांचं ठसठशीत अक्षर, दुकानाच्या पाटीवरही तेच होतं. मृताचं नाव या रकान्यात लिहिलं होतं, सचिन महादेवराव इखार. पुरुष. वय सत्तेचाळीस. आणि खाली, माहिती देणाऱ्याचं नाव: सौ. सुलोचना सचिन इखार.

रुचिकाने तो दोनदा वाचला. टेबलाच्या काचेखाली कुणाच्या तरी लेकराचा फोटो होता, तोही तिने पाहिला. पंख्याने कागद उडत होता, म्हणून तिने त्यावर हात ठेवला.

"नवा फॉर्म द्या काका," ती म्हणाली. "मी भरते. सही बाबांची आणते."

"वर्षाच्या आत हाय म्हणून बरं. एक प्रतिज्ञापत्र लागंन, बस्स. हा जुना फाडू का?"

"फाडा."

त्यांनी चार तुकडे केले आणि खाली टोपलीत न टाकता खिशात घातले.

नवा फॉर्म तिने तिथंच भरला. मग दुकानात गेली. सचिनभाऊ एका शेतकऱ्याला पंपाचा नोझल दाखवत होते. गिऱ्हाईक गेल्यावर तिने कागद पुढे केला आणि सहीची जागा बोटाने दाखवली. त्यांनी वर पाहिलं. तिला जुना फॉर्म दिसला हे त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलं हे तिला.

"हात आपोआपच लिहीत गेलता," ते म्हणाले.

"हो बाबा."

"घरी गेल्यावर आठवलं. मंग पुन्हा जाऊन खोडणं म्हणजे..." त्यांनी सही केली. सही झाल्यावर पेनाला टोपण लावायला त्यांना बराच वेळ लागला. रुचिका स्टुलावर बसून राहिली. दुकानात त्या जागी दुपारी आई बसायची, हे बसल्यावर तिच्या लक्षात आलं. ती उठली नाही.

दाखला आठवड्याभरात मिळाला. वर्ध्याला जाऊन वडिलांनी संमतीपत्रावर सही केली, नोटरीचा शिक्का लागला. घरी येऊन रुचिकाने कागद टेबलावर ठेवले. रजतने ते मोजले, यादीवर खुणा केल्या आणि एकदम खुशीत आला.

"ताई, सगळं जमलं! आता पाह्य, प्रागहून येताना आपल्याजवळ चार तास उरून राह्यले. अजून एक शहर बसते त्यात."

"नको."

"जमते ना. बदलाले आठ मिनिटं लागतीन फक्त."

"रजत, नको म्हटलं ना. आणि साल्झबर्गले आपण थांबू. दोन तास."

"तिथं किल्ला हाय, पण दोन तासांत नाई होत."

"किल्ला नाई पाहाचा. स्टेशनवरच बसू. मले थांबाचं हाय."

इतक्या महिन्यांत तिने पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं, आणि ते असलं. तिचा आवाज चढला होता. आजीने आतून डोकावून पाहिलं आणि परत गेली.

"काऊन पण?" रजतने विचारलं.

रुचिकाला का ते माहीत नव्हतं. तिने तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच.

"त्या दिवशी मी जर्नल पुरी करत होती. जास्वंदाची आकृती. आईनं आतून आवाज दिला, रुची, जरा डोकं दाबून दे, लय ठणकते. मी म्हटलं, येतो, एवढी आकृती होऊ दे. तिनं पुन्हा नाई बोलावलं. मी नावं टाकली, रेघा मारल्या पट्टीनं. मग गेली. दहा मिनिटं झाली असतीन रजत. जास्तच."

रजत वहीकडे पाहत होता. बाहेर एक टेम्पो मागे जाताना त्याचं गाणं वाजवत होता.

"डॉक्टर तं म्हणे, दहा मिनिटात काही झालं नसतं," तो म्हणाला.

"मले माहीत आहे ते."

"मी सकाळी डबा नव्हता नेला. भेंडी होती म्हणून. दारापर्यंत घेऊन आलती ती मागं." एवढं बोलून त्याने नाक ओढलं, खोडरबर घेतलं आणि साल्झबर्गच्या ओळीतली नऊ मिनिटं खोडली. तिथं लिहिलं, दोन तास. मग थोडा विचार करून विचारलं, "बसून काय कराचं पण?"

"काही नाई."

त्याने कंसात तेही लिहिलं.

रुचिकाला वाटलं होतं, हे बोलल्यावर काहीतरी होईल, निदान रडू येईल. काही झालं नाही. ती उठून वाळत घातलेले कपडे काढायला गेली. फक्त कपडे ऊन लागून कडक झाले होते आणि ते तिला हाताला कळलं.

व्हिसा आला. मे महिन्याच्या शेवटी, देवळीत पारा पंचेचाळिसावर असताना, सचिनभाऊंनी दोघांना नागपूरच्या विमानतळावर सोडलं. "जेवत जाजा. भांडू नका," म्हणाले आणि आत जाईपर्यंत काचेला हात लावून उभे राहिले. म्युनिकला मावशीने रुचिकाला पाहिलं आणि तिला आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. मग तीच घाबरली. रुचिका म्हणाली, "राहू दे मावशी, मी आईसारखी दिसते असं बाकीचेही म्हणतात."

चार दिवसांनी दोघं ठरल्याप्रमाणे साल्झबर्गला उतरली. पाऊस भुरभुरत होता, हवा गार होती. फलाटावरच्या एका बाकावर बसून दोघांनी मावशीने बांधून दिलेले पराठे खाल्ले. समोरून गाड्या येत होत्या, जात होत्या. रजतने पहिला अर्धा तास प्रत्येक गाडीचं नाव सांगितलं. मग त्याचा आवाज कमी होत गेला आणि तो ताईच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. तोंड उघडं टाकून, जड झोप. मागच्या सप्टेंबरपासून तो घरात रात्रभर कूस बदलायचा, ते रुचिकाला भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

दोन तास भरले. त्यांची गाडी समोर येऊन उभी राहिली, दारं उघडली. रुचिकाने गाडीकडे पाहिलं, मग भावाच्या चेहऱ्याकडे. तिचा खांदा अवघडून दुखायला लागला होता, चांगलाच दुखत होता. ती हलली नाही. दारं लागली. गाडी गेली.

पाऊण तासाने त्याला जाग आली. "ताई! आपली गाडी?"

"गेली."

"गेली म्हणजे? तू उठवलं काऊन नाई?"

"झोपला होतास. दुसरी आहे ना आता. तूच म्हणायचा, इथं गाड्यांची कमी नाही."

तो उठून धावत वेळापत्रक पाहायला गेला, परत आला, रागाने काही बोलणार होता, पण तिचा चेहरा पाहून त्याने बॅग उचलली. म्हणाला, "चल. तिकडच्या फलाटावर."

व्हिएन्नाच्या स्टेशनावर रक्षाताई त्यांची वाट पाहून थकली होती. तिने रागावायचं ते दोन वाक्यांत आटोपलं आणि घरी नेऊन वरण-भात वाढला. रजत जेवता जेवता सगळ्या प्रवासाचं गणित नव्याने मांडत होता. रुचिकाने भात संपवला, आणि रक्षाताईने विचारायच्या आत ताट पुढे केलं.

"अजून थोडा वाढा," ती म्हणाली.