रेकॉर्डिंगसाठी सभ्य झालेले आबा

आमचे आबा धाकट्या भावाला फोन लावतात तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "कुठं उलथलाईस रे?" पलीकडून काकाही तेवढ्याच मोठ्यानं काहीतरी हाणतो. फोन नसता तरी आवाज शेजारच्या कळंबा गावापर्यंत पोचला असता. हे प्रेम आहे, हे आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

त्या उन्हाळ्यात मात्र दोघांत वाजलं. विहीर सामाईक, मोटर एक. आठवड्यातले दोन दिवस पाणी आमचं, हे वाटणीच्या वेळी तोंडी ठरलेलं. काका सरळ म्हणाला, "असं कवा ठरलंतं?" आणि मोटरच्या पेटीला कुलूप घातलं. आमचा ऊस वाळायला लागला. आबा तावातावानं वकिलाकडं गेले, सोबत मी.

वकील म्हणाले, "फोनवर त्याच्या तोंडून वदवून घ्या." न सांगता रेकॉर्ड केलेलं चालतं का, मी विचारलं. "आपलाच फोन आहे, सहसा चालतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "खाजगीपणाचा भंग म्हणून उलटूही शकतं." म्हणजे चालतं की नाही? तर "ते कोर्टावर आहे." घ्या! एक मात्र त्यांनी बजावलं. क्लिप अख्खी द्यावी लागते, मधलं कापायचं नाही, तेव्हा शिवी एकही नको.

शिवी नको म्हटल्यावर आबांची बोलतीच बंद झाली.

पहिल्यांदा माझ्या मोबाईलवरून लावला, तर आतल्या बाईनंच इंग्रजीत जाहीर करून टाकलं की रेकॉर्डिंग चालू आहे. "ही कोण बाई?" काकानं विचारलं. आबांनी घाबरून फोन ठेवला. मग त्यांचा जुना मोबाईल शोधून काढला. त्याच्यात बाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी आबा अंघोळ करून, टोपी घालून बसले. फोन लावला. "नमस्कार. आपण कसे आहात?"

पलीकडनं काकाचा बारीक आवाज आला, "दादा, कोण गेलं?"

"सर्व कुशल आहे. आपण विहिरीसंबंधी..."

"वयनी बरी हाय न्हवं? तुला काय झालंय? पोरीकडं दे फोन!" आणि फोन कट.

मी कपाळावर हात मारला. आबा परत परत लावत होते, तो उचलत नव्हता. थोड्या वेळानं दारात गाडी आडवी पडल्याचा आवाज झाला नि काका आत घुसला. शर्टाची बटणं खालीवर, पाय अनवाणी. आबांना धडधाकट बघून तो उंबऱ्यातच बसला. "जित्ता हाईस की रं," म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"गाढवा, पायताण कुठं हाय तुझं?" आबा ओरडले. किती दिवसांनी त्यांचा खरा आवाज ऐकला! बरं वाटलं मला, खोटं कशाला सांगू.

काकाला धीर आला. नाक पुसत म्हणाला, "दोन दिवस तुझंच हाईत. मला काय ठावं न्हाय व्हय? माझ्या पोरीच्या साखरपुड्याला आला न्हाईस, म्हणून अडवलंतं."

हेच! वकिलांना हवं होतं ते हेच. मी मोबाईल ओढणीआड धरला, बटणावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "काका, परत एकदा म्हणा की."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मोबाईल हातातनं काढून घेतला, बंद केला, स्वतःच्या खिशात घातला.

"च्या टाक," म्हणाले, "आन् तुझ्या काकाला माझं पायताण आणून दे."